खुणेचे अणू

मुलांनो, आज सकाळी उठल्यावर तुम्ही पेलाभर पाणी प्यायला असाल. ते पाणी कोठे गेले? त्यातील किती रक्तात मिसळले, किती घामावाटे बाहेर पडले आणि किती मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे निघून गेले? तुम्ही म्हणाल, पाणी पाण्यात मिसळल्यावर सकाळचे कोणते आणि कालचे कोणते, हे कोण सांगणार? तुमचे म्हणणे बरोबर आहे. पाण्याचा एक कण दुसऱ्या कणासारखाच असतो. मिठाचा किंवा चुन्याचा कण आणि शिशाचा अणूही त्याच्या भावंडांसारखाच असतो. बाजारात शेकडो बकऱ्या एकत्र उभ्या असल्या, की मालक आपल्या बकरीच्या शिंगाला रंग लावतो. मग गर्दीतही ती ओळखू येते. अणूला मात्र शिंग नाही आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. त्याला खूण कशी करायची?

ही खूण ज्यांनी शोधून काढली, त्यांचे नाव जॉर्ज हेवेशी. युरोपातील हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट येथे 1 ऑगस्ट 1885 रोजी त्यांचा जन्म झाला. घर श्रीमंत होते, भावंडे पुष्कळ होती. बुडापेस्टमधील शाळा संपल्यावर ते जर्मनीत शिकायला गेले आणि 1908 साली फ्रायबुर्ग विद्यापीठातून डॉक्टर झाले. हे डॉक्टर म्हणजे औषध देणारे नव्हेत, विज्ञानातील सर्वांत वरची पदवी मिळवणारे. पुढे काही वर्षे ते या गावाहून त्या गावाला, एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत जात राहिले. हा फिरता स्वभाव त्यांचा शेवटपर्यंत टिकला. काही वेळा त्यांनी तो आवडीने जपला, तर काही वेळा काळाने तो त्यांच्यावर लादला.

1911 साली ते इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात आले. तेथे अर्नेस्ट रदरफर्ड हे मोठे शास्त्रज्ञ काम करत होते. काही पदार्थांतून आपोआप किरण बाहेर पडतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. अशा पदार्थांना किरणोत्सर्गी पदार्थ म्हणतात. रदरफर्ड यांच्याकडे शेकडो किलो शिसे येऊन पडले होते. ते ऑस्ट्रियाच्या सरकारने दिले होते आणि ज्या खाणीच्या मातीतून रेडियम काढत, तिच्यातूनच ते निघाले होते. त्यात रेडियम डी नावाचा एक किरणोत्सर्गी पदार्थ लपलेला होता. रदरफर्ड यांना तो प्रयोगासाठी हवा होता, पण शिशाच्या गर्दीमुळे त्याचा उपयोग करता येत नव्हता. तो शिशापासून वेगळा करण्याचे काम त्यांनी या तरुण हंगेरियन शास्त्रज्ञाकडे सोपवले.

हेवेशी कामाला लागले. त्यांनी शिसे विरघळवले, गाळले, तापवले, थिजवले. रसायनशास्त्रात जेवढ्या रीती ठाऊक होत्या, तेवढ्या सगळ्या त्यांनी वापरून पाहिल्या. दोन वर्षांच्या खटपटीनंतरही रेडियम डी शिशातून तसूभर बाजूला झाले नाही. दुसरा कोणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. यात हेवेशींची चूक मुळीच नव्हती. ते काम होण्यासारखेच नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे, की रेडियम डी हे शिसेच आहे. फक्त त्याच्या अणूचे वजन थोडे निराळे आहे आणि त्यातून किरण निघतात. अशा जुळ्या भावंडांना समस्थानिक म्हणतात. रसायनाच्या कोणत्याही क्रियेत ती दोघे बरोबरच जातात, बरोबरच राहतात.

आता खरी गंमत पाहा. हेवेशींनी हा पराभव उलटा करून पाहिला. हे दोघे जर कधीच वेगळे होत नसतील, तर शिशात थोडे रेडियम डी मुद्दाम का मिसळू नये? मग शिसे जिकडे जाईल तिकडे रेडियम डी जाईल आणि ते आपल्या किरणांनी ओरडून सांगेल, की मी येथे आहे. डोळ्यांना न दिसणारे शिसेही यंत्राला कळेल. बकरीच्या शिंगाचा रंग सापडला होता! 1913 साली व्हिएन्ना येथे फ्रिट्झ पानेट या मित्राबरोबर त्यांनी याचा पहिला प्रयोग केला. शिशाचे जे क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, ते नेमके किती विरघळतात, हे त्यांनी या खुणेने मोजून दाखवले.

मँचेस्टरच्या दिवसांतील एक हकीकत हेवेशी पुढे अनेकदा सांगत. ते एका बाईंच्या खाणावळीत राहत. रविवारी ताटात उरलेले मांस पुढच्या दिवसांत खिम्याच्या रूपाने पुन्हा ताटात येते, असा त्यांना संशय होता. बाईंना विचारले तर त्या नाही म्हणत. एका रविवारी हेवेशींनी ताटात उरलेल्या मांसात चुपचाप थोडासा किरणोत्सर्गी पदार्थ टाकला. काही दिवसांनी खिमा आला, तेव्हा त्यांनी सुवर्णपत्र विद्युतदर्शी हे उपकरण त्याच्याजवळ नेले. सोन्याची पाने लगेच हलली आणि बाईंचे बिंग फुटले. ही गोष्ट वाचून हसायला येते, पण मुलांनो, असे कोणी करू नये. किरणोत्सर्गी पदार्थ पोटात जाणे किती घातक आहे, हे त्या काळी फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

पहिले महायुद्ध झाले, हंगेरीत राज्ये उलथली. 1920 साली हेवेशी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे नील्स बोर यांच्या संस्थेत आले. तेथे डर्क कोस्टर यांच्याबरोबर त्यांनी एक नवे मूलद्रव्य शोधले आणि 1923 साली ते जाहीर केले. कोपनहेगनच्या जुन्या लॅटिन नावावरून त्याला हाफ्नियम असे नाव दिले. एवढ्या एका शोधावर एखादा शास्त्रज्ञ जन्मभर मिरवला असता. हेवेशींचे मन मात्र आपल्या खुणेच्या अणूंकडेच ओढ घेत होते. काचेच्या भांड्यात जे जमले ते जिवंत वस्तूत जमेल काय?

1923 सालीच त्यांनी बाकल्याची रोपे घेतली. बाकला हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. रोपांची मुळे त्यांनी खुणेचे शिसे घातलेल्या पाण्यात ठेवली. नंतर मुळे, खोड आणि पाने वेगवेगळी जाळून राख केली आणि प्रत्येक राखेचे किरण मोजले. बहुतेक सगळे शिसे मुळांतच अडकलेले होते, पानांपर्यंत फारच थोडे पोहोचले होते. सजीवाच्या आत एखादा पदार्थ कोठवर जातो, हे किरणांच्या साह्याने दाखवणारा हा पहिला प्रयोग होय.

त्यानंतर प्राण्यांची पाळी आली. त्या काळी एका जुनाट रोगावर डॉक्टर बिस्मथ या धातूचे क्षार टोचत असत. औषध टोचले म्हणजे काम झाले, असे वाटे. पण ते शरीरात जाते कोठे, राहते किती दिवस आणि बाहेर पडते कोणत्या वाटेने? 1924 साली हेवेशींनी दोन सहकाऱ्यांच्या मदतीने खूण केलेले बिस्मथ प्राण्यांना देऊन त्याचा माग काढला. बिस्मथचा मोठा वाटा मूत्रपिंडात जमतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

मूत्रपिंड हा शब्द तुम्हांला अवघड वाटेल, पण ती वस्तू तुमच्या ओळखीची आहे. उर्दूत तिला गुर्दा म्हणतात. खाटकाच्या दुकानात बकऱ्याचे गुर्दे तुम्ही पाहिले असतील. माणसाचे गुर्दे तशाच आकाराचे, साधारण मुठीएवढे असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गुर्दा असतो आणि रात्रंदिवस रक्त गाळतो. एक बिघडला तरी दुसरा मुकाट्याने दोघांचे काम करतो. म्हणूनच गुर्द्याचे दुखणे पुष्कळदा उशिरा लक्षात येते आणि म्हणूनच आत डोकावून पाहण्याची गरज पडते.

शिसे आणि बिस्मथ यांची एक अडचण होती. हे धातू शरीराचे नव्हेत, उलट शिसे तर विषच आहे. शरीर ज्यांनी बनले आहे त्या द्रव्यांना खूण हवी होती. 1931 साली अमेरिकेत हॅरॉल्ड यूरी यांनी जड हायड्रोजन शोधला. त्यापासून जड पाणी तयार होते. या पाण्यातून किरण निघत नाहीत, पण त्याचे वजन साध्या पाण्यापेक्षा जास्त असते आणि तीच त्याची खूण. यूरी यांनी थोडे जड पाणी हेवेशींना पाठवले. हेवेशी तेव्हा फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक होते. 1934 साली त्यांनी आणि होफर या सहकाऱ्याने असा प्रयोग केला, की माणसाने हे पाणी साध्या पाण्यात मिसळून प्यायचे आणि नंतर कित्येक दिवस त्याच्या लघवीतील पाण्याचे वजन बारकाईने तपासायचे. उत्तर आले ते असे : पाण्याचा एक कण शरीरात सरासरी सुमारे 13 दिवस राहतो. म्हणजे आज सकाळी प्यायलेल्या पेल्यातील काही पाणी पुढच्या आठवड्यातही तुमच्या अंगात असणार. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर.

1934 मध्येच फ्रान्समध्ये झोलियो-क्यूरी पतिपत्नींनी साध्या मूलद्रव्यांना हाताने किरणोत्सर्गी करण्याची युक्ती शोधली. त्याच वर्षी हेवेशींना जर्मनी सोडावी लागली. तेथे हिटलरचे राज्य आले होते. हेवेशींचे घराणे मूळचे ज्यू होते आणि ज्यू लोकांना त्या देशात जगणे कठीण झाले होते. ते पुन्हा कोपनहेगनला बोर यांच्याकडे आले. बायको, मुले, पुस्तके, सगळे घेऊन परक्या देशात पुन्हा घर मांडायचे, आणि वय पन्नाशीला टेकलेले. अशा वेळी त्यांनी जे काम केले ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम ठरले.

त्यांनी फॉस्फरस निवडला. फॉस्फरस आपल्या हाडांत, दातांत, रक्तात, सगळीकडे असतो. गंधकाच्या अणूंवर न्यूट्रॉन कणांचा मारा केला, की त्यांतील काही अणूंचा किरणोत्सर्गी फॉस्फरस बनतो. तो सुमारे 14 दिवसांत निम्मा होतो. 1935 साली हेवेशी आणि डेन्मार्कचे डॉक्टर खिएविट्झ यांनी हा फॉस्फरस अगदी किंचित प्रमाणात उंदरांना खायला दिला. मग ठराविक दिवसांनी उंदरांना मारून त्यांचे अवयव वेगवेगळे केले. हाडे, दात, स्नायू, यकृत, मेंदू, मूत्रपिंड, रक्त. प्रत्येकाची राख केली आणि किरण मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवली. उंदरांची लघवी आणि विष्ठाही मोजली. जेवढा फॉस्फरस दिला तेवढ्याचा पैन् पै हिशेब लावायचा होता.

त्या काळापर्यंत असे मानत, की हाड म्हणजे घराच्या भिंतीसारखे, एकदा बांधले की बांधले. उंदरांच्या राखेने वेगळेच सांगितले. पूर्ण वाढलेल्या उंदराच्या हाडातही नवा फॉस्फरस शिरत होता आणि जुना बाहेर पडत होता. उंदराच्या शरीरात फॉस्फरसचा अणू सरासरी दोन महिने राहतो, असा त्यांनी हिशेब काढला. भिंत उभी दिसते, पण तिच्या विटा सतत बदलत असतात. मला स्वतःला हा शोध हाफ्नियमपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. मूलद्रव्य आज ना उद्या कोणाला तरी सापडलेच असते. पण आपले शरीर म्हणजे वाहती नदी आहे, हे आधी कोणी अशा रीतीने मोजून दाखवले नव्हते.

या कामात उंदरांचे जीव गेले, हे लपवण्याचे कारण नाही. खुणेचा अणू शरीराच्या आत काय करतो, हे बाहेरून पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. 1935 च्या ऑक्टोबरमध्ये बोर यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा हेवेशींनी पुढाकार घेऊन वर्गणी जमवली आणि त्यांना 0.6 ग्रॅम रेडियम भेट दिले. गुळाच्या खड्याहून लहान वस्तू, पण किंमत एक लाख क्रोनर! त्या रेडियमपासून न्यूट्रॉन मिळत आणि न्यूट्रॉनपासून खुणेचा फॉस्फरस. म्हणजे भेट बोर यांना मिळाली आणि उपयोग हेवेशींना झाला. बोर यांनी ते हसत चालू दिले.

9 एप्रिल 1940 रोजी हिटलरचे सैन्य डेन्मार्कमध्ये घुसले. बोर यांच्या संस्थेत माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदके जपून ठेवलेली होती. ती सोन्याची होती आणि त्यांच्यावर नावे कोरलेली होती. जर्मनीतून सोने बाहेर पाठवणे हा त्या राजवटीत भयंकर गुन्हा होता. पदके शिपायांच्या हाती लागली असती तर जर्मनीत राहणाऱ्या लाउए यांचे प्राण संकटात आले असते. पदके पुरावी, असे हेवेशींना वाटले. जमीन उकरली तर ती सापडतील, असे बोर म्हणाले. शेवटी हेवेशींनी आम्लराज घेतले. एक भाग नायट्रिक आम्ल आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून हा तेजाब होतो आणि सोन्याला विरघळवतो. सोने सहजासहजी विरघळत नाही. बाहेर रस्त्यावर सैन्य चालत होते आणि आत हेवेशी पदके विरघळण्याची वाट पाहत होते. शेवटी नारिंगी रंगाचे पाणी उरले. ते बाटलीत भरून फळीवर ठेवून दिले. शिपायांनी संस्था तपासली, पण त्या बाटलीकडे कोणी पाहिले नाही. युद्ध संपल्यावर बाटली जागच्या जागी सापडली. तिच्यातून सोने परत काढले गेले, नोबेल संस्थेने पदके पुन्हा घडवली आणि 1952 साली फ्रांक यांना त्यांचे पदक मिळाले.

1943 मध्ये डेन्मार्कमधील ज्यू लोकांची धरपकड सुरू झाली. हेवेशी स्वीडनला निसटले आणि स्टॉकहोम येथे राहिले. खुणेच्या अणूंच्या कामासाठी 1943 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना 1944 मध्ये जाहीर झाले. पुढे स्टॉकहोममध्येही रक्तातील तांबड्या पेशींना खूण करून अंगात एकूण रक्त किती, असे प्रयोग ते करत राहिले. 1958 सालचा ‘शांततेसाठी अणू’ हा पुरस्कारही त्यांना मिळाला.

आता गुर्द्याकडे परत येऊ. हेवेशींना अवयवांची राख करावी लागे. 1957 साली अमेरिकेत हॅल अँगर यांनी शरीरातून बाहेर येणाऱ्या गॅमा किरणांचे चित्र काढणारा कॅमेरा बनवला. त्याच सुमारास टेक्नेशियम हे मूलद्रव्य रुग्णालयातच मिळवण्याची सोय झाली. त्याचा एक प्रकार सहा तासांत निम्मा होतो, म्हणजे काम झाले की फार वेळ अंगात रेंगाळत नाही. पण नुसते टेक्नेशियम गुर्द्यात जात नाही. ते गळ्यातील थायरॉइड ग्रंथीकडे आणि जठराकडे वळते. त्याला गुर्द्याकडे नेणारा एक वाटाड्या, म्हणजे एखादे योग्य संयुग, जोडावे लागते. एक संयुग रक्ताबरोबर येते आणि गुर्द्यात गाळले जाऊन थेट मूत्राशयात उतरते. त्यावरून गाळणी किती वेगाने चालते, हे कळते. दुसरे गुर्द्यातच चिकटून बसते. त्यावरून गुर्द्याचा आकार आणि त्यावरील व्रण दिसतात.

नवे संयुग तयार झाले, की ते आधी उंदरांत तपासतात. शेपटीच्या शिरेत थोडेसे टोचतात. ठराविक मिनिटांनी गुर्द्यात किती टक्के, यकृतात किती, रक्तात किती, लघवीत किती, असा हिशेब मांडतात. संयुग यकृतात जास्त गेले तर ते नापास, कारण उजव्या गुर्द्याच्या चित्रावर यकृताची सावली पडेल. जठरात किरण दिसले तर टेक्नेशियम वाटेतच सुटले असे समजायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. उंदरात पास झालेले संयुग माणसातही पास होईलच, असे नाही. पण उंदरातच नापास झालेले संयुग रुग्णाला टोचण्याचे धाडस कोणी करत नाही. पाहिलेत ना, हा हिशेब 1935 च्या हिशेबाचाच वंशज आहे. फरक इतकाच, की आता लहान प्राण्यांसाठीही कॅमेरे आहेत. एकाच उंदराचे चित्र पुन्हा पुन्हा घेता येते, त्यामुळे कमी उंदीर लागतात.

आपल्या मुंबईतही हे काम चालते. ट्रॉम्बे येथे 1956 साली अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली आणि 1963 साली परळ येथे किरणोत्सर्गी पदार्थांनी रोगाची तपासणी आणि उपचार करणारे केंद्र स्थापन झाले. ज्या मुलाच्या गुर्द्यातून लघवी नीट उतरत नाही, त्याला टेबलावर झोपवतात, शिरेत छोटीशी सुई देतात आणि कॅमेरा सुमारे अर्धा तास चित्रे घेत राहतो. डावा गुर्दा किती काम करतो आणि उजवा किती, हे पोट न कापता डॉक्टरांसमोर येते. शस्त्रक्रिया करायची की थांबायचे, हे पुष्कळदा त्या आकड्यांवर ठरते.

हेवेशी शेवटच्या दिवसांत फ्रायबुर्गला परतले होते. तेथेच 5 जुलै 1966 रोजी, वयाच्या 80 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि त्याच गावात त्यांना पुरण्यात आले. पुढे त्यांच्या अस्थी तेथून काढून बुडापेस्टला, त्यांच्या जन्मगावी नेण्यात आल्या.